वरची दोन इंच माती

पावसाळा लागला की मनीप्लँटला किंवा पीस लिलीला पाणी घालताना कुंडीतून काळे ठिपके उठतात. चार-सहा, फार तर दहा. त्यांना धड उडताही येत नाही. मातीवरून तुरुतुरु पळतात, पानाच्या कडेला टेकतात, मग खिडकीच्या काचेकडे नाहीतर उजळलेल्या मोबाईलकडे जातात. संध्याकाळी एखादा चहाच्या कपात सापडतो. आपण चिलट म्हणून हात हलवतो आणि विसरतो. पण या चिलटाच्या पेशीत काय चालतं हे कळल्यापासून मला त्याच्याकडे पूर्वीसारखं तुच्छतेनं बघता येत नाही. त्याला घालवायचं तर आहेच. पण ज्याला घालवायचं ते काय आहे, हे आधी बघून घेण्यासारखं आहे.

पहिल्यांदा ओळख पटवावी लागते, कारण घरात तीन तऱ्हेची चिलटं असतात आणि तिघांचे उपाय वेगळे. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारं, तांबड्या डोळ्यांचं, पिवळट-तपकिरी चिलट म्हणजे फळमाशी. न्हाणीघराच्या भिंतीवर पंख पसरून बसलेलं केसाळ, बदामी आकाराचं चिलट मोरीच्या गाळात वाढतं. कुंडीतलं मात्र काळं, सडपातळ, लांब पायांचं आणि मण्यांच्या माळेगत लांब मिशांचं. भिंगाखाली धरलं तर त्याच्या पंखावर वाय या इंग्रजी अक्षराच्या आकाराची, फाटा फुटलेली शीर दिसते. याचं कुळ सायरिडी, आणि कुंड्यांत नेहमी भेटणारी प्रजाती ब्रॅडिसिया. ते चावत नाही, अन्नावर बसून रोगराई पसरवत नाही. प्रौढ माशी जगते जेमतेम आठवडा-दहा दिवस, आणि तेवढ्यात तिला एकच काम उरकायचं असतं.

ते काम मातीत आहे. मादी ओल्या मातीच्या फटींत शंभर-दोनशे अंडी घालते. तीन ते सहा दिवसांत त्यांतून अळ्या निघतात. अंग काचेसारखं आरपार, डोकं काळंभोर आणि चकचकीत. अंग इतकं पारदर्शक असतं, की अळीनं काय खाल्लं ते तिच्या पोटात बाहेरून दिसतं. दोन आठवडे खाऊन, तीनदा कात टाकून ती पाच-सहा मिलिमीटरची होते, मग तीन-पाच दिवस कोषात, आणि पुन्हा माशी. हवा चोवीस अंशांच्या आसपास असली तर सगळं चक्र तीन-चार आठवड्यांत पुरं होतं. हा सगळा संसार कुंडीच्या वरच्या दोन-तीन इंचांत चालतो. त्याखाली अळी सहसा जात नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढचे निम्मे उपाय त्यातून निघतात.

अळीचं खाणं म्हणजे मुख्यतः बुरशी, शेवाळ आणि कुजत चाललेला पाला. रानात झाडांखाली पडलेला पालापाचोळा कुजवून त्याची माती करणाऱ्या जिवांत या अळ्या मोडतात. आपण घरात नेमकं तेच रान तयार करतो. नर्सरीतली कुंडी हल्ली कोकोपीटवर चालते, आणि कोकोपीट आपल्या वजनाच्या कित्येक पट पाणी धरून ठेवतं. त्यात गांडूळखत मिसळलेलं असतं. वर आपण मायेनं चहाचा चोथा टाकतो, डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी ओततो. जुलैमधल्या दमट हवेत ते वाळत नाही. आठवड्याभरात मातीवर पांढरी जाळी धरते आणि चिलटाच्या मादीला हवं ते सगळं एका जागी मिळतं. झाडाला खाऊ म्हणून दिलेला चोथा झाडाच्या आधी बुरशी खाते आणि बुरशीला अळी. चहाच्या चोथ्याबद्दल घराघरांत फार श्रद्धा आहे, पण तो आधी खतात कुजवावा आणि मग कुंडीत घालावा. थेट कुंडीत घालायला माझा पक्का विरोध आहे. बुरशीच्या या ओढीमुळेच अळिंबीची शेती करणाऱ्यांना सायरिड माश्या आपल्यापेक्षा कितीतरी जास्त रडवतात. तिथे तर बुरशी हेच पीक.

मोठ्या झाडाला या अळ्यांचं फारसं काही वाटत नाही. बुरशी कमी पडली की त्या कोवळ्या मुळांकडे वळतात. तगड्या मनीप्लँटची चार तंतुमुळं गेली तरी त्याला कळत नाही. नुकतंच उगवलेलं मिरचीचं, टोमॅटोचं रोप किंवा मूळ धरू पाहणारी फांदी मात्र यात जाते. शिवाय मुळं कुजवणाऱ्या पिथियमसारख्या बुरशीसदृश जिवांचे बीजाणू अळ्या आणि माश्या एका कुंडीतून दुसरीत नेतात, आणि वाफ्यातली रोपं माना टाकून कोलमडतात. म्हणून पेरणी केलेला ट्रे आणि चिलटांची कुंडी शेजारी शेजारी ठेवू नये.

आता त्या पेशीकडे येतो.

१९२० च्या दशकात चार्ल्स मेट्झ नावाचा अमेरिकन संशोधक याच कुळातल्या माश्या बाटल्यांत वाढवून त्यांची गुणसूत्रं तपासत होता. तेव्हा फळमाशीवरच्या प्रयोगांनी आनुवंशिकतेचे नियम पक्के होत आले होते. आई-बापाकडून निम्मी-निम्मी गुणसूत्रं, आणि पुढच्या पिढीत कोणतं जाणार हे नशिबावर. कुंडीतल्या चिलटानं, म्हणजे ब्रॅडिसिया कोप्रोफिला या जातीनं, हा नियम साफ झुगारलेला निघाला. यातला नर स्वतःचे शुक्राणू तयार करताना बापाकडून आलेली गुणसूत्रं बाजूला काढतो आणि टाकून देतो. चुकून नाही, यच्चयावत सगळी, दर वेळी. शुक्राणूत उरतात ती आईकडून मिळालेली. म्हणजे बापाची गुणसूत्रं मुलाच्या शरीरात आयुष्यभर राबतात, पण नातवंडांपर्यंत पोचत नाहीत. जमीन कसायला बाप आणि वारस लावायची वेळ आली की सातबाऱ्यावरून त्याचं नाव कमी, असा हा व्यवहार.

प्रश्न असा, की पेशीला कळतं कसं? दोन गुणसूत्रं शेजारी आहेत. दोघांवरचा मजकूर जवळपास तोच. यातलं कुठलं बापाचं, हे कुणी सांगितलं? हेलन क्राउझ या बाईंनी या कोड्यावर वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९६० साली लिहिलं की गुणसूत्र आईतून येताना किंवा बापातून येताना त्यावर एक ठसा उमटतो. पुढे पेशी तो ठसा वाचून वागते. गुणसूत्राच्या मजकुरात बदल नाही, फक्त कुठून आलं याची खूण. त्यासाठी त्यांनी वापरलेला ‘इंप्रिंट’ हा शब्द जीवशास्त्रात कायमचा रुजला. १९८४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांतून सिद्ध झालं की सस्तन प्राण्यांतही काही जनुकांवर असे ठसे असतात, आणि आईचा व बापाचा असे दोन्ही वाटे असल्याशिवाय गर्भ नीट वाढत नाही. आपल्यातही ते ठसे आहेत. त्यांत बिघाड झाला तर बाळाला गंभीर आजार होतात. वैद्यकाच्या या दालनाचं दार कुंडीतल्या माशीनं किलकिलं केलं होतं.

त्यात आणखी एक गंमत. या जातीतली एक मादी आयुष्यभर एकतर फक्त मुली घालते किंवा फक्त मुलगे. मिश्र घर नाहीच. कुठली मादी कुठल्या वाटेची, हे तिच्या एका एक्स गुणसूत्राच्या जडणघडणीवर ठरलेलं असतं. आणि २०२२ मध्ये एडिनबराच्या संशोधकांनी जाहीर केलं, की या माशीच्या फक्त बीजपेशींत सापडणारी काही जास्तीची गुणसूत्रं तिची मूळची नाहीतच. ती फार पूर्वी दुसऱ्याच एका कुळाशी, झाडांवर गाठी करणाऱ्या माश्यांच्या कुळाशी, झालेल्या संकरातून आलेली आहेत. पाहुणे आले आणि कोट्यवधी वर्षं मुक्कामाला राहिले.

भाऊबंदही कमी नाहीत. न्यूझीलंडच्या वायटोमो गुहांच्या छतावर निळसर उजेड पाडणाऱ्या अळ्या बघायला लोक जगभरातून तिकिटं काढून जातात. त्या अळ्या या चिलटांच्या चुलत घराण्यातल्या. युरोपच्या जंगलात सायरा मिलिटॅरिस नावाच्या जातीच्या हजारो अळ्या एकमेकींना चिकटून काही मीटर लांबीचा पट्टा करतात आणि सगळ्या मिळून सरपटत निघतात. जुन्या काळी जर्मन खेडुतांना तो लढाईचा शकुन वाटायचा. आणि आपल्या सह्याद्रीत पावसाच्या तोंडावर नागाची फणी काढून उभा राहणारा सापकांदा बघा. तो ज्या अरिसीमा प्रजातीतला, तिचं परागीभवन प्रामुख्यानं बुरशीवर जगणाऱ्या अशाच माश्या करतात. तिच्या बऱ्याच जातींत नर फुलोऱ्याच्या तळाशी एक फट असते. वासानं फसून आत घसरलेली माशी परागकण अंगावर घेऊन तिथून निसटते. मादी फुलोऱ्याला ती फट नसते. माशी आत शिरते, पराग पोचवते आणि बहुतेक वेळा तिथेच मरते. चिलटाला फसवण्याचं तंत्र झाडांना आपल्याआधी फार पूर्वी जमलेलं आहे.

आपण त्यात नवखे. पण आपल्याकडे एक हत्यार आहे जे सापकांद्याकडे नाही. आपण पाणी बंद करू शकतो.

अंडी आणि कोवळी अळी कोरड्या मातीत तगत नाहीत, आणि दोन्ही वरच्या थरातच असतात. तेव्हा वरची दोन इंच माती सुकू द्यायची. बोट दोन पेरं मातीत खुपसायचं आणि ओल लागली तर पाणी नाही. सकाळी उठून सगळ्या कुंड्यांना तांब्याभर पाणी, हा दिनक्रम उन्हाळ्यात ठीक, पावसाळ्यात घातक. घरातली झाडं तहानेपेक्षा पाण्यानं जास्त मरतात. जेड, स्नेक प्लँट, मनीप्लँट ही मंडळी माती खालपर्यंत वाळली तरी खुशाल असतात. पीस लिली नाटकी आहे, पानं पाडून बसते, पण पाणी मिळताच काही तासांत उभी राहते. फर्नसारख्यांना मात्र कोरडं चालत नाही. त्यांच्यासाठी कुंडी पाण्याच्या ताटलीत अर्धा तास ठेवावी. तळाच्या भोकातून पाणी वर चढतं, मुळं भिजतात आणि वरचा थर त्या मानानं कोरडा राहतो. नंतर ताटली रिकामी करायला विसरू नका. वरून जाड वाळूचा थर देण्याचीही शिफारस करतात. वरून पाणी देणं चालू ठेवलंत तर तो थर नुसत्या शोभेचा.

एवढ्यानं बऱ्याच घरांतलं काम भागतं. पुढचं सगळं उरलेल्यांसाठी.

उडणाऱ्या माश्यांना पिवळा रंग ओढतो. शेतात भाजीवर लावतात तेच पिवळे चिकट सापळे कुंडीत चालतात. घरी करायचे तर पिवळ्या पुठ्ठ्याला एरंडेल फासावं. ते मातीलगत आडवे ठेवले तर जास्त माश्या धरतात, कारण या माश्या उंच उडतच नाहीत. युक्ती जुनी आहे. चारएक कोटी वर्षांपूर्वी बाल्टिक भागातल्या झाडांचा डिंक ओघळत होता आणि त्यात हीच चिलटं चिकटत होती. त्या डिंकाचा अंबर झाला, आणि अंबरातल्या कीटकांत आज या माश्यांची गर्दी दिसते. पण सापळा फक्त प्रौढ धरतो, मातीतल्या अळ्या तशाच. सापळ्याचा खरा उपयोग मोजदादीला. दर आठवड्याला कमी चिकटतायत का, ते बघायचं. अळ्यांची खबर बटाटा देतो. कच्च्या बटाट्याची जाड चकती मातीवर दाबून ठेवली आणि दोन-तीन दिवसांनी उलटली, की खालच्या बाजूला काळी डोकी दिसतात. चकती अळ्यांसकट फेकली तर तेवढ्या कमीही होतात.

अळ्यांचा खरा वैरी मात्र वाळवंटातून आला. १९७६ साली इस्रायलच्या नेगेव वाळवंटात, एका कोरड्या नदीपात्रातल्या छोट्या डबक्यात, योएल मार्गालिट यांना डासांच्या मेलेल्या अळ्यांचा थर दिसला. त्यांतून निघालेला जिवाणू म्हणजे बॅसिलस थुरिंजिएन्सिसचा एक नवा प्रकार. त्याला बीटीआय म्हणतात. याचा भाऊबंद १९०१ मध्ये जपानच्या इशिवाता यांना आजारी रेशीमकिड्यांत सापडला होता, आणि विदर्भातल्या बीटी कपाशीत घातलेलं जनुकही याच जिवाणूच्या दुसऱ्या प्रकाराचं. बीटीआय बीजाणू धरताना प्रथिनांचे बारीक स्फटिक करतो. स्फटिक स्वतः निरुपद्रवी असतो. अळीनं तो गिळला की तिच्या आतड्यातल्या तीव्र अल्कधर्मी रसात तो विरघळतो, तिच्याच पाचकरसानं कापला जातो आणि तेव्हा कुठे विष तयार होतं. हे विष आतड्याच्या भिंतीला छिद्रं पाडतं. आपल्या पोटात आम्ल असतं आणि ते विष जिथे चिकटावं अशा जागा आपल्या आतड्यात नाहीत, म्हणून माणसाला, मांजराला, गांडुळाला त्याचं काही होत नाही. आपल्याकडे डासांच्या अळ्या मारायला हाच वापरतात. कुंडीत वापरायचा तर पाकिटावरच्या प्रमाणात पाण्यात कालवून माती भिजवायची, आणि आठवड्याच्या अंतरानं तीनदा. कारण अंड्याला तोंड नाही आणि कोष खात नाही, ते पुढच्या फेरीत सापडतात. दुकानात बीटी मागितलं तर बहुधा पतंगवर्गीय अळ्यांचं मिळेल. ते इथे निरुपयोगी. नाव नीट वाचा.

दुसरा वैरी डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा. स्टाइनरनेमा फेल्टी हा सूत्रकृमी एक मिलिमीटरही नसतो. युरोप-अमेरिकेतल्या हरितगृहांत तो पाण्यातून कुंड्यांना देतात. तो मातीतल्या पाण्याच्या पापुद्र्यातून अळी शोधत जातो, तिच्या तोंडातून किंवा गुदद्वारातून आत शिरतो आणि पोटात जपून आणलेले जिवाणू सोडतो. एक-दोन दिवसांत अळी मरते. जिवाणू तिला आतून पचवत असताना इतर जंतूंनी ताबा घेऊ नये म्हणून प्रतिजैविकंही बनवतात. मग सूत्रकृमी ते जिवाणूच खातो, वाढतो आणि त्याची पिल्लं थोडे जिवाणू बरोबर घेऊन पुढच्या शिकारीला निघतात. याचा उष्ण हवेतला सोबती हेटेरोऱ्हॅबडायटिस इंडिका कोइमतूरला सापडला आणि १९९२ मध्ये त्याचं बारसं झालं. उसातल्या हुमणीसाठी तो पावडरीच्या रूपात वापरला जातो. याच्या जिवाणूनं मेलेली अळी विटकरी लाल होते आणि गडद अंधारात मंद उजळते. खिडकीतल्या चार कुंड्यांसाठी सूत्रकृमी मागवणं जरा अतीच, पण ज्यांची गच्ची भरलेली आहे त्यांनी विचार करावा.

आपल्या अंगणातला उपाय कडुनिंबाचा. १९५९ मध्ये सुदानवर टोळधाड आली तेव्हा हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं, की सगळं फस्त झालं आणि कडुनिंब तेवढा हिरवा उरला. १९६८ मध्ये निंबोळीतून ॲझाडिरॅक्टिन वेगळं काढलं गेलं. हे रसायन किड्याच्या कात टाकण्याच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करतं, त्यामुळे अळी मोठी होण्याच्या उंबरठ्यावर अडकते. त्याचा रेणू इतका गुंतागुंतीचा, की केंब्रिजच्या स्टीव्हन ले यांच्या चमूला तो प्रयोगशाळेत जुळवायला २२ वर्षं लागली. २००७ साली जमलं. कडुनिंब तो दर उन्हाळ्यात बनवतो. कुंडीला निंबोळी अर्क पाण्यातून द्यावा. निंबोळी पेंड वर भुरभुरून ओली ठेवली तर तिच्यावरच बुरशी येते, म्हणून ती मातीत मिसळावी आणि थोडी.

दालचिनीची पूड आणि हळद वरची बुरशी थोडी आवरत असतील, पण दोन इंच खालच्या अळीपर्यंत ती पोचणार कशी? व्हिनेगरची वाटी फळमाशीला भुलवते, कुंडीतल्या माशीला फारशी नाही. कीटकभक्षी झाडांचं आकर्षण मला समजतं. कासच्या पठारावर दवबिंदूच्या लाल केसांवर चिकटलेली बारीक माशी एकदा पाहिली की तसं झाड घरात असावं असं वाटतंच. कासवरून ते उपटून आणू नये, हे सांगायला नको. नर्सरीत मिळणारं बटरवर्ट खिडकीत ठेवलं तर त्याच्या तेलकट पानांवर चिलटं अडकतात खरी, पण तोही शेवटी प्रौढ धरणारा सापळाच.

यातलं काहीही करा, महिनाभर करा. चक्र तीन-चार आठवड्यांचं आहे, आणि दहा दिवसांत माश्या दिसेनाशा झाल्या तरी मातीत कोष असतात. आणि नर्सरीतून नवं रोप आणलं की त्याला लगेच बाकीच्यांत नेऊ नका. दोन-तीन आठवडे बाल्कनीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा, शेजारी पिवळा पुठ्ठा टोचा. पुठ्ठा कोरा राहिला तर आत घ्या.